तरतुदीविना हक्क कागदावरच!

शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, जातीचा दाखला ऑनलाइन, बँकेचे खाते ऑनलाइन. शासन याला डिजिटल क्रांती म्हणते. परंतु स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या आधारे अर्ज भरणाऱ्या अंध विद्यार्थ्यासमोर चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अट येते आणि अर्ज तेथेच थांबतो. आवाजी पर्याय नसेल तर त्याने काय करावे? दुसऱ्याच्या हाती पासवर्ड देऊन अर्ज भरून घ्यावा, हाच काय तो स्वाभिमान?

हा प्रश्न दयेचा नाही, कायद्याचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. कलम ४२ ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. कलम ४६ ने सरकारी व खासगी सेवा देणाऱ्यांना नियम निघाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले, मुदत २०१९ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, असे बजावून नियम १५ रद्दबातल ठरविला व तीन महिन्यांत सक्तीचे नियम करण्यास सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित व अंध याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल देऊन न्यायालयाने २० निर्देश दिले. ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत, त्यांच्याकडून ओळख पटविण्यासाठी डोळे मिचकावण्याची अपेक्षा करणारी व्यवस्था किती आंधळी आहे, हे या खटल्याने देशाला दाखविले.

मग घोडे अडते कुठे? आमच्या मते अंदाजपत्रकात. विचारणा केली की 'निधी उपलब्ध नाही' हे ठराविक उत्तर मिळते. संकेतस्थळ तयार करताना निविदेत सुगम्यतेची अट नसते. तक्रारी आल्या की दुरुस्तीचा खर्च वेगळा मागितला जातो. इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडून उतार बांधावा, तसाच हा प्रकार! आरंभीच काम नीट केले तर हा खर्च बराच वाचतो.

यासाठी तरतूद कशाकशाची हवी? पहिली, जाणकारांकडून नियमित तपासणीची. दुसरी, आढळलेल्या दोषांच्या दुरुस्तीची. तिसरी, प्रत्यक्ष दिव्यांग वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेण्याची, आणि तीही मानधन देऊन, फुकटात नव्हे. चौथी, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची. कारण संकेतस्थळ निर्दोष असले तरी कारकुनाने परिपत्रक स्कॅन करून चढविले की ते स्क्रीन रीडरसाठी नुसते चित्र होते. तेच परिपत्रक युनिकोडमध्ये टंकलिखित करून चढविले तर वाचता येते आणि त्याला वेगळा पैसा लागत नाही. पाचवी, चित्रफितींना मथळे व सांकेतिक भाषेची. आणि हा खर्च एकदाचा नाही. मजकूर रोज बदलतो, म्हणून तरतूद दरवर्षी हवी. ठेकेदाराचे शेवटचे देयक चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय देऊ नये, ही अट निविदेतच असावी.

येथे एक धोका आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाच्या ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे महाराष्ट्र शासनाचे आदेश आहेत. उद्या संकेतस्थळ दुरुस्तीचा खर्च याच निधीतून दाखविला जाईल! विशेष घटक योजनेचा पैसा दुसरीकडे कसा वळतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिव्यांगांच्या तोंडचा घास काढून संगणक विभागाची चूक दुरुस्त करणे आम्हाला मान्य नाही. हा खर्च संगणक विभागाच्या लेखाशीर्षातूनच झाला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीच्या बाहेरचा नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या नगरपालिकेला, जिल्हा परिषदेला, विद्यापीठाला माहिती अधिकारात चार प्रश्न विचारावेत. संकेतस्थळाची सुगम्यता तपासणी शेवटची कधी झाली? दोष किती आढळले व किती दूर झाले? चालू वर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद आहे? निविदेत सुगम्यतेची अट होती काय? ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर 'निरंक' आले तर ते पुरावा म्हणून जोडून राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार दाखल करावी. कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, त्यानंतरच्या उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. अंदाजपत्रकाच्या बैठका सुरू होण्यापूर्वी हे अर्ज गेले पाहिजेत. आकडे छापून झाल्यावर मोर्चा काढून उपयोग नाही.