नळीतल्या रक्ताची भूक

तपासणीसाठी दंडातून रक्त काढले, नळीला बूच लावले, की काम झाले असे आपल्याला वाटते. पण नळीतल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात आणि त्यांचे खाणे चालूच राहते.

त्यांचे अन्न म्हणजे ग्लुकोज. या पेशींत तंतुकणिका नसल्यामुळे ऊर्जेसाठी त्यांना दुसरा आधारच नाही. शरीरात यकृत साखरेची भर घालत असते. नळीत कोण घालणार? साध्या तपमानाला ठेवलेल्या रक्तातील साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. आता हिशेब करून पाहा. एका खेड्यातील रुग्णाच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात उपाशीपोटी १३२ मिलिग्रॅम साखर आहे. १२६ किंवा त्याहून अधिक आकडा ही मधुमेहाची खूण. नळी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचून तपासणी होईपर्यंत दोन तास गेले, तर आकडा येईल ११४ ते ११९! मधुमेह अंगात आहे, कागदावर नाही.

मग नळी बर्फात का ठेवू नये? थंडीत पेशींची भूक मंदावते, साखर बरीचशी टिकते, हे खरे. पण इथे दुसरीच अडचण उभी राहते. तांबड्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा पंचवीस-तीस पट असते. पेशीच्या आवरणातले 'पंप' सोडियम बाहेर टाकतात, पोटॅशियम आत ओढतात. गारठ्यात हे पंप मंदावतात आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपते. पेशी फुटल्या तर वरचा द्रव लालसर दिसतो आणि तपासनीस सावध होतो. या झिरपण्याला मात्र रंग नसतो. पोटॅशियम फार वाढले तर हृदय बंद पडू शकते, म्हणून डॉक्टर असा आकडा गंभीरपणे घेतात. तो खोटा असेल, तर नको ते औषध दिले जाण्याचा धोका असतो.

म्हणून पोटॅशियमसाठीची नळी साध्या तपमानाला ठेवून, रक्त गोठल्यावर लवकरच यंत्रात गरगर फिरवतात आणि द्रव पेशींपासून वेगळा करतात. साखरेसाठी करड्या बुचाची नळी असते. तिच्यातले सोडियम फ्ल्युओराइड साखर मोडणाऱ्या साखळीतील एनोलेज हे विकर अडवते. पण ही पायरी साखळीच्या शेवटाकडची! आधीच्या पायऱ्या थोडा वेळ चालूच राहतात, त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांत साखर थोडी घटतेच. शिवाय रक्त गोठू नये म्हणून या नळीत अनेकदा पोटॅशियम ऑक्झॅलेट घातलेले असते. या नळीतले रक्त पोटॅशियमच्या तपासणीला दिले, तर काय होईल ते तुम्हीच सांगा.