मुरमावरचा गोलकीपर

उरणच्या एका मैदानावर संध्याकाळी टेनिस बॉल क्रिकेटचे दोन-तीन डाव एकमेकांत घुसून चाललेले असतात. त्या गलक्यात एक आवाज वेगळा ऐकू आला. "डावीकडे बघ! मागं माणूस आहे! पुढं सरक, पुढं!" फुटबॉल पार दुसऱ्या टोकाला होता आणि ओरडणारा या टोकाला, गोलच्या खांबांमध्ये एकटाच. ज्याच्याजवळ बॉलच नाही तो एवढा का बोलतोय, म्हणून मी थांबलो आणि मग तिथं जातच राहिलो.

तो सव्वीस वर्षांचा. दिवसा एका कंटेनर यार्डात सर्व्हेअर आहे. आलेल्या कंटेनरला कुठं पोचा पडलाय, कुठं पत्रा गंजलाय, कुठलं दार लागत नाही, हे बघून नोंदवायचं. शिफ्ट सुटली की ट्रेलरच्या रांगांमधून बाइक काढत तो मैदानावर येतो. आल्यावर पहिलं काम बोटांना पट्ट्या बांधायचं. डाव्या हाताची करंगळी एकदा निसटली ती पूर्ण सरळ झालीच नाही. पिशवीतून ग्लोव्हज काढले की घामाचा, ओल्या रबराचा आंबूस वास सुटतो. त्यात खाजणाकडून येणारा चिखलाचा खारट वास मिसळतो. घरी गेल्यावरही तो माझ्या नाकातून जात नसे.

शिकवणारे सर स्वतः जुने कीपर, मुंबईतल्या एका ऑफिसच्या टीमचे. मोऱ्याहून लाँचनं भाऊचा धक्का आणि तिथून कूपरेजचं मैदान असा त्यांचा रस्ता. ओहोटीला मोरा बंदरात गाळामुळं लाँच अडायची. म्हणून मॅच असली की आधी भरती-ओहोटीची वेळ बघायची आणि मग बूट भरायचे.

वॉर्मअप, दोरीच्या उड्या, छोटे पास हे सगळं चटकन उरकतं. खरं काम त्यानंतरचं. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच. एवढं दार एका माणसानं राखायचं. सर त्याला गोलरेषेवर उभं करून स्वतः बॉलजवळ जातात आणि विचारतात, "तुला माझ्या मागचं काय दिसतं ते सोड. मला तुझ्या मागचा गोल किती दिसतो, ते सांग." तो तीन पावलं पुढं येतो. "आता?" आणखी दोन. बॉल मारणाऱ्याला दिसणारा गोल प्रत्येक पावलागणिक अरुंद होत जातो. फार पुढं आलं, तर डोक्यावरून बॉल जायची भीती. या चार-पाच पावलांचा हिशेब जमायला वर्षं लागतात, आणि प्रेक्षकाला तो दिसतही नाही. प्रेक्षकाला फक्त झेप दिसते.

झेपेचंही शास्त्र आहे. जमिनीला आधी नडगीची बाजू, मग मांडी, कुल्ला, बरगड्यांची कड आणि शेवटी खांदा टेकायचा. कोपर आधी टेकलं की संपलं. हिरवळीवर हे शिकता येतं. या मैदानावर मुरूम आहे. दहा झेपा झाल्या, की कुल्ल्यावरचं सालटं निघतं. तो आतून जुन्या सतरंजीच्या तुकड्यांचं पॅडिंग शिवून घेतलेली चड्डी घालतो. त्याच्यामागं रांगेत सातवीतली एक मुलगी असते. सर तिला अजून गुडघ्यावर बसूनच झेप घ्यायला लावतात. कडेला बसलेली तिची आजी ओरडते, "बाला, हळू गो!" नात मात्र प्रत्येक वेळी अंग झोकून देते.

सरांच्या बोलण्यात एक आकडा वारंवार येतो: 576 मिनिटं. 1984 साली मद्रासला संतोष ट्रॉफीत गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी 576 मिनिटं एकही गोल होऊ दिला नाही. नव्वद मिनिटांचे सहा सामने भरून वर छत्तीस मिनिटं. गोव्यानं ती ट्रॉफी जिंकली. शंखवाळकर 1983 ते 1986 भारताचे कर्णधार होते आणि क्लबच्या मैदानावर त्यांची उमेदीची वर्षं साळगावकर संघात गेली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1997 साली, खेळ थांबवल्यावर. पद्मश्री तर 2022 साली. इतका उशीर मला खटकतो. पुढच्या फळीतल्या खेळाडूचा गोल त्याच संध्याकाळी डोळ्यांत भरतो. कीपरचं काम म्हणजे न झालेल्या गोष्टी, त्या मोजायला कुणाला सवड नसते.

"पाचशे शहात्तर मिनिटांत बॉल हातात किती वेळ आला असेल, सर?" एका पोरानं विचारलं. सर म्हणाले, "थोडाच. बाकी सगळा वेळ तो बोलत असणार." कीपर हा एकटाच समोर तोंड करून अख्खा खेळ बघत असतो. बचावातल्या खेळाडूंच्या पाठीमागं काय शिजतंय ते त्यालाच दिसतं. म्हणून बॉल दूर असताना बोलायचं. त्यानं नीट सांगितलं, तर पुष्कळदा झेप घ्यायची वेळच येत नाही. त्या पहिल्या संध्याकाळच्या ओरडण्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

कीपरचं काम दरम्यानच्या काळात अवघडच होत गेलंय. 1992 पासून आपल्या खेळाडूनं मुद्दाम पायानं मागं दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही, त्यामुळं पायही तयार लागतात. 2025 पासून बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला, तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. एक दिलासा असा की हे करिअर लांब चालू शकतं. इटलीचे दिनो झोफ चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून 1982 चा विश्वचषक जिंकले.

पण लांब चालण्याआधी सुरू तरी व्हायला हवं. अकरांत कीपरची जागा एकच. दुसरा कीपर अख्खा हंगाम बाकावर काढू शकतो. आमच्या या सर्व्हेअरला एका व्यावसायिक क्लबच्या चाचणीत उंचीवरून परत पाठवलं, बॉल मारून बघितलासुद्धा नाही. सरांच्या काळी ऑफिसच्या टीममध्ये घेतलं, की नोकरी पक्की व्हायची. तो रस्ता आटला. महिंद्र युनायटेड 2010 साली बंद झाली, मुंबई एफसीही 2017 नंतर उरली नाही. 2014 साली इंडियन सुपर लीग आली तेव्हा गोलमध्ये परदेशी कीपर बरेच दिसत. आता जवळपास सगळीकडे भारतीय आहेत, ही चांगली गोष्ट. मात्र 2025 च्या पावसाळ्यात लीगच रखडली आणि काही क्लबांनी पगार थांबवले. यार्डातली नोकरी सोडू नकोस, असं त्याची आई म्हणते. तिला चूक म्हणायची माझी हिंमत नाही.

जानेवारी 2024 पासून उरणला लोकल येते. त्याच गाडीनं नेरूळला उतरलं, की डी. वाय. पाटील स्टेडियम. 2022 साली सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तिथं झाला. स्पेननं कोलंबियाला 1-0 हरवलं, तेही कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेल्या स्वयंगोलवर. आपल्याच माणसाच्या पायाला लागून वळलेला बॉल कीपरनं कसा अडवायचा? सातवीतल्या त्या मुलीनं सरांना हेच विचारलं होतं. सर म्हणाले, "नाही अडत. उठायचं आणि पुढचा बघायचा."

उरणच्या भातशेतीवर आणि मिठागरांच्या पट्ट्यावर देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक उभं आहे. ट्रेलर उभे करायला इथं एकरांनी जागा मिळते. फुटबॉलच्या गोलसमोरची पेनल्टीची चौकट 40.32 मीटर लांब आणि 16.5 मीटर रुंद असते, म्हणजे गुंठे सातसुद्धा नाहीत. ग्लोव्हज आणि चषक वाटून फोटो काढण्यापेक्षा इथल्या कंपन्यांनी, नगरपरिषदेनं आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या मैदानावर एका गोलसमोर तेवढी हिरवळ लावावी, तिला रोज पाणी घालणारा एक माणूस ठेवावा, आणि आठवड्यातून दोन दिवस कीपरच्या स्वतंत्र प्रशिक्षकाचं मानधन द्यावं. ती सातवीतली मुलगी पुढच्या वर्षी उभ्यानं झेप घ्यायला लागेल. हिरवळ त्याआधी लागायला हवी.