मेंदूवरील विजेचे उपचार

एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही असे सुचवायचे असले की, वऱ्हाडात "याला नागपूरला न्यावे लागते" एवढे म्हटले तरी पुरते. पुण्याकडे त्यासाठी येरवड्याचे नाव घेतात, मुंबईकडे ठाण्याचे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. वऱ्हाड १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तरी अमरावती-अकोल्याकडील रुग्णांची वाट नागपूरकडेच राहिली. जेथे गावाच्या नावाचीच धास्ती, तेथे त्या वास्तूतील उपचारांची धास्ती किती असेल हे सांगावयास नको. त्या उपचारांतील सर्वांत धास्तीचा शब्द म्हणजे 'शॉक'.

या विषयावर आम्ही प्रथम अकोल्यास बोललो. व्याख्यान संपल्यावर एक चिठ्ठी हाती आली. तिच्यात लिहिले होते : आई दोन महिने बोलत नाही, जेवणही जवळजवळ सुटले आहे. गोळ्या झाल्या. डॉक्टर आता शॉक द्यावे म्हणतात. मामा म्हणतात, बहिणीला जिवंतपणी मारू नका. सही करावी काय? चिठ्ठीखाली नाव नव्हते. आम्ही घाईघाईने काही उत्तर दिले खरे, पण ते आमचे आम्हालाच अपुरे वाटले. पुढे अमरावतीच्या व्याख्यानात ते पुरे करण्याचा प्रयत्न केला. हा लेख म्हणजे तेच उत्तर, थोडे सविस्तर.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मेंदूशी विजेचा संबंध डॉक्टरांनी जोडलेला नाही. तो मुळातच आहे. इटलीतील बोलोन्या येथील गाल्वानी यांनी बेडकाच्या तंगडीवरील प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले, तेव्हापासून प्राण्यांच्या शरीरातील विजेचा विचार सुरू झाला. प्रत्येक मज्जापेशीच्या आत आणि बाहेर क्षारांचे भारित कण कमीजास्त असतात. त्यामुळे पेशीच्या पातळ भिंतीवर सुमारे सत्तर मिलिव्होल्टचा विद्युद्दाब असतो, म्हणजे टॉर्चमधील एका सेलच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका. हा दाब क्षणभर बदलतो आणि निरोप पुढे जातो. अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आपल्या कवटीत अहोरात्र काम करीत असतात. आठवडी बाजारात हजारो माणसे आपापले बोलत असतात, तोवर व्यवहार चालतो. ती सारी एकदम एकच आरोळी ठोकू लागली, तर व्यवहार थांबेल. फेफऱ्याची आकडी म्हणजे मेंदूतील अशीच आरोळी होय.

या आकडीतूनच शॉकचा उपचार जन्मास आला. बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरांचा असा समज झाला की, फेफरे आणि मनाची छिन्नता हे दोन रोग एकत्र नांदत नाहीत. म्हणून १९३४ साली त्यांनी तेलात खललेला कापूर मनोरुग्णांना टोचून मुद्दाम आकडी आणली. त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला, परंतु काही रुग्ण सुधारले ही गोष्ट मात्र खरी होती. वैद्यकाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. पुढे रोम येथे सेर्लेत्ती आणि बिनी यांनी १९३८ साली कापराऐवजी वीज वापरली. पहिला रुग्ण रेल्वे स्थानकावर भ्रमिष्टावस्थेत सापडलेला मनुष्य होता. पहिला झटका अपुरा पडला. दुसऱ्याची तयारी चालली असता, हा अनोळखी मनुष्य एकाएकी स्पष्ट शब्दांत 'पुन्हा नको' असे म्हणाल्याचे सेर्लेत्ती यांनीच आपल्या आठवणीत नोंदविले आहे. तरीही दुसरा झटका दिला गेला. मनुष्य सुधारला, पण या उपचाराचा आरंभ रुग्णाचा नकार बाजूला सारून झाला, हे विसरता येत नाही.

त्यानंतरची कित्येक वर्षे हा उपचार भूल न देता होत असे. चार माणसांनी रुग्णाला धरायचे आणि झटका द्यायचा. स्नायू इतक्या जोराने आखडत की कधी दात तुटत, कधी पाठीचे मणके मोडत. १९४० च्या सुमारास स्नायू सैल करणारी औषधे आली. १९५० नंतर थोडाच वेळ टिकणारे सोयीचे औषध मिळाले आणि भूल देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या देशात मात्र भूलतज्ज्ञांच्या अभावी जुनी रीत पुष्कळ ठिकाणी या शतकातही चालू होती. हे दृश्य ज्यांनी पाहिले किंवा पाहणाऱ्याकडून ऐकले, त्यांच्या मनातून ते कसे जावे? चिठ्ठीतील मामांची भीती आम्ही खोटी मानीत नाही; ती जुन्या काळची आहे, इतकेच.

आता आजची रीत पाहू. रुग्णाला रात्रीपासून उपाशी ठेवतात. सकाळी शिरेतून भूल देतात आणि स्नायू सैल करणारे औषध टोचतात. प्राणवायू चालू असतो. दातांमध्ये मऊ गट्टू ठेवतात. मग कानशिलांवर किंवा डोक्याच्या एकाच बाजूस काही सेकंद मोजून-मापून वीज सोडतात. मेंदूत आकडी येते, पण शरीर फारसे हलत नाही. पायाचा अंगठा थरथरला तर तेवढेच. ही आकडी मिनिटभराच्या आतबाहेर संपते. थोड्या वेळाने रुग्ण जागा होतो. असे आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण सहा ते बारा वेळा करतात.

याचा उपयोग कोणाला? नुसत्या उदासपणासाठी हा उपचार नाही. तीव्र विषण्णतेत माणूस अन्नपाणी सोडतो, जीव देण्याचा ध्यास घेतो, किंवा पुतळ्यासारखा एका जागी बसून राहतो. अशा वेळी गोळ्यांचा गुण येण्यास जे आठवडे लागतात, तेवढा अवधी हाताशी नसतो. तेथे हा उपचार इतर कोणत्याही औषधापेक्षा लवकर आणि अधिक प्रमाणात लागू पडतो, असे अनेक देशांतील अनुभवावरून दिसले आहे. बाळंतपणानंतरच्या तीव्र मनोविकारातही त्याने माता वाचल्या आहेत.

परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. उपचाराच्या काळातील आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतील आठवणी पुसट होतात. बहुतेकांना त्यांतील पुष्कळ परत मिळतात. काहींच्या मात्र कायमच्या जातात, आणि क्वचित् त्या जुन्या व मोलाच्या असतात. जिवाचा धोका लाखभर झटक्यांमागे दोन-तीन इतका, म्हणजे जवळजवळ भुलेचाच धोका. शिवाय बरा झालेला रुग्ण नंतर गोळ्या बंद करील, तर सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून अधिकांना रोग पुन्हा गाठतो. शॉकने आग विझते. घर पुन्हा पेटू नये याची तजवीज निराळी करावी लागते.

आता कायद्याविषयी दोन शब्द. संसदेने २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा केला आणि तो २०१८ साली अमलात आला. भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून शॉक देण्यास या कायद्याने बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी यांवाचून तो देता येत नाही. तातडीचा इलाज या सबबीखाली तर तो कोणालाच देता येत नाही. रुग्ण निर्णय घेऊ शकत असेल तर संमती त्याचीच हवी. तो त्या स्थितीत नसल्यास कायद्याने मानलेल्या प्रतिनिधीच्या साहाय्याने निर्णय होतो. एवढेच नव्हे, तर माणसाला बरे असतानाच आपल्यावर कोणते उपचार करावे आणि कोणते करू नयेत, हे लिहून ठेवता येते. रोममधील त्या नकाराला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळण्यास ऐंशी वर्षे लागली.

चिठ्ठीखेरीज तोंडी विचारलेले प्रश्न दोन नव्या उपचारांविषयी होते. तिकडे आता वळू. पहिला चुंबकाचा. गावच्या डीपीत तांब्याच्या दोन गुंडाळ्या असतात. एकीतील वीज बदलली की दुसरीत, तिला स्पर्श न होताच, वीज उत्पन्न होते. हा नियम फॅरेडे यांनी १८३१ साली शोधला. इंग्लंडमधील शेफील्ड येथे बार्कर यांनी १९८५ साली तोच नियम मेंदूला लावला. डोक्याजवळ गुंडाळी धरली आणि तीत विजेचा जोरदार ठोका सोडला, तर दुसऱ्या गुंडाळीचे काम मेंदूच करतो. येथे भूल लागत नाही, आकडी आणायची नसते, रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो. विषण्णतेवरील उपचार म्हणून अमेरिकेत याला २००८ साली मान्यता मिळाली. डोक्यात धातूचा तुकडा असलेल्यांना तो चालत नाही, आणि क्वचित् आकडी येऊ शकते. अगदी तीव्र आजारात त्याचा गुण शॉकपेक्षा कमी पडतो. आमच्या दृष्टीने मुख्य अडचण निराळीच आहे. हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावा लागतो. धारणीच्या किंवा तेल्हाऱ्याच्या शेतमजुराने कापूस वेचणीच्या दिवसांत महिनाभर रोज शहरात यावे, हे सांगणे सोपे आहे. यंत्र सौम्य असले तरी बसभाडे आणि बुडालेली मजुरी सौम्य नसते.

दुसरा उपचार मुख्यतः कंपवाताचा. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले. आपल्या रानातील खाजकुहिलीच्या बियांत या रोगावरचे द्रव्य असते आणि मद्रास येथील संशोधकांनी ते १९३७ साली त्या बियांतून वेगळे काढले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तेच द्रव्य आज गोळ्यांतून मिळते. पण काही वर्षांनी गोळ्यांचा गुण चढउतार करू लागतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद हे शल्यविशारद १९८७ साली मेंदूतील एक ठिकाण निकामी करण्यापूर्वी तेथे वीज सोडून पाहत होते. ठोके सेकंदाला शंभराच्या वर गेले आणि हाताचा कंप थांबला! भाग जाळण्याची गरजच उरली नाही. आता मेंदूत खोलवर बारीक तारा बसवितात आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी ठेवतात. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ही शस्त्रक्रिया गेल्या शतकाच्या अखेरीपासून होत आली आहे. तिला काही लाख रुपये लागतात. रोग मुळातून जात नाही. आणि गोळ्यांनी ज्यांना एरवी गुण येतो त्यांनाच प्रायः तिचा उपयोग होतो. मनोविकारासाठी अशी शस्त्रक्रिया करावयाची, तर आपल्या कायद्याने रुग्णाची स्वतःची संमती आणि मंडळाची परवानगी या दोन्ही लागतात.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, मग अशी यंत्रे प्रत्येक तालुक्याला आणा. आमचे मत तसे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. आरंभी तेथे विषण्णतेने ग्रासलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार जणांनी कोणाकडे मदत मागितली होती. दीड वर्षानंतर हा आकडा सत्तावीसवर गेला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठविले, त्यांनी ऐकून घेतले, समजावले, आणि गरज पडली तेथे डॉक्टरांकडे पोहोचविले. शेतकरी आत्महत्यांचे दुःख सोसणाऱ्या या मुलखात पहिली पायरी ही आहे. दुसरी गोळ्यांची, आणि वीज त्यानंतरची. पहिली पायरी मोडकी असेल, तर शेवटच्या पायरीवर माणूस पोहोचतो तो उशिरा आणि घाबरलेला. आज ज्यांना डॉक्टरांचे दार दूर आहे, त्यांना २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

आणि कलंकाविषयी म्हणाल, तर अमरावतीला आम्ही काय सांगावे? कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळीत त्या काळात, १९४६ साली, डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी याच शहराच्या कडेला तपोवन उभे केले. औषधाइतकेच काम तेथे माणूस म्हणून वागविण्याने केले. मनोरुग्णाच्या बाबतीत तेवढे घडणे अजून बाकी आहे.

आता चिठ्ठीचे उत्तर. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. भूल कोण देणार, आणि तो भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी हजर असणार काय? झटके किती, आणि स्मृतीवर काय परिणाम संभवतो? नंतर कोणती औषधे, किती काळ, आणि दाखवायला कोठे यायचे? या तिन्हींची नीट उत्तरे मिळाली आणि आईने अन्न सोडलेलेच असेल, तर आम्ही आमच्या घरी सही करण्याच्या बाजूने बोललो असतो. मामांनाही त्या बोलण्यास बरोबर न्यावे. भीती घरी ठेवून आलेला माणूस पुढे दोष देतो, बरोबर आलेला मदत करतो.

चौथा प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारावयाचा नाही. आईला सांगितले काय? ती बोलत नाही, म्हणून तिला ऐकू येत नाही असे समजू नये. तिच्याजवळ बसून, तिच्या बोलीत, काय होणार आहे ते सांगावे. तिने मान हलविली किंवा नाही हलविली तरी सांगावे. आणि दोन-चार उपचारांनंतर ती बोलू लागली, तर पहिल्याच दिवशी तिला पुन्हा विचारावे, पुढचे घ्यायचे की नाही. ती नको म्हणाली तर थांबावे, का ते ऐकावे, आणि मगच पुढचे ठरवावे.