संसदीय नियंत्रण आणि केंद्र शासनाची परिणामकारकता : गोपाळ कृष्ण गोखले ते मधू लिमये

प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७५ (३) नुसार मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिकरीत्या जबाबदार असते. शासनास निर्णयाचा वेग हवा असतो, तर संसदेस त्या निर्णयाची कारणे हवी असतात. त्यामुळे कार्यक्षमता आणि उत्तरदायित्व ही परस्परविरोधी मूल्ये होत, असा समज रूढ झालेला दिसतो. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाशी संबंधित दोन संसदपटूंच्या कार्याच्या आधारे प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे.

अधिकारावाचून नियंत्रण

फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक असलेले गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात गेले तेव्हा १८९२ चा कायदा लागू होता. सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येई. मतदान करता येत नसे. २६ मार्च १९०२ च्या भाषणात त्यांनी सरकारच्याच आकडेवारीने असे दाखविले की, तिजोरीतील शिल्लक हे समृद्धीचे लक्षण नसून दुष्काळाने गांजलेल्या रयतेवरील जादा कराचे फलित आहे. १९०३ मध्ये मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा ५०० वरून १००० रुपयांवर गेली. याचे सारे श्रेय एका भाषणास देता येणार नाही. परंतु आकड्यांना उत्तर देणे सरकारला टाळता आले नाही, हे निश्चित. १९१० मध्ये नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबविण्याचा त्यांचा ठरावही स्वीकारला गेला. मात्र त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. बहुमतापुढे युक्तिवादाची मर्यादा येथे स्पष्ट होते.

नियमांचे सामर्थ्य

पुण्यात जन्मलेले व फर्ग्युसनमध्ये शिकलेले मधू लिमये १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेरमधून लोकसभेवर निवडून आले. प्रश्न, हरकतीचा मुद्दा व हक्कभंगाची सूचना ही त्यांची साधने होती. संख्याबळ अल्प असले, तरी नियमांच्या सूक्ष्म अभ्यासामुळे मंत्र्यांना सभागृहात सविस्तर खुलासा करावा लागे. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढविण्यात आली, तेव्हा जनादेशाची मूळ मुदत संपल्याच्या भूमिकेतून त्यांनी १९७६ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

समिती पद्धती व सद्यःस्थिती

सभागृहात सर्व खर्चाची छाननी शक्य नसते. म्हणून लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालांची तपासणी करते. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. १९९३ मध्ये विभागनिहाय स्थायी समित्या स्थापन झाल्या. पीआरएस संस्थेच्या आकडेवारीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, तर डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतील १४६ सदस्य निलंबित झाले. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सरकारांना स्थैर्य दिले. मात्र सत्ताधारी सदस्याचे स्वतंत्र मतही त्यामुळे आक्रसले.

निष्कर्ष

गोखल्यांच्या सभागृहास अधिकार नव्हते, परंतु उपलब्ध संधीचा पूर्ण वापर झाला. आजच्या संसदेस अधिकार आहेत. उणीव आहे ती वेळेची व छाननीची. छाननीमुळे निर्णय लांबतो हे खरे. परंतु छाननीवाचून झालेल्या कायद्यातील दोष अंमलबजावणीत उघडे पडतात आणि वाचविलेला वेळ तेथे खर्ची पडतो. म्हणून संसदीय नियंत्रण हा शासनाच्या परिणामकारकतेतील अडथळा नसून तिची पूर्वअट आहे. राज्यशास्त्राच्या अध्यापनात संविधानातील तरतुदींबरोबरच सभागृहाची कार्यवृत्ते आणि समित्यांचे अहवाल यांचे वाचन समाविष्ट झाल्यास ही जाण विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचेल.