शुगर क्रीकच्या काठी एक दिवस

अमेरिकेच्या इंडियाना संस्थानातील मक्याच्या सपाट शेतांमधून येणाऱ्या प्रवाशास, पुढे भूमी दुभंगून वालुकापाषाणाच्या अंधाऱ्या घळी उघडतील याची यत्किंचितही कल्पना नसते; म्हणूनच टर्की रन उद्यानात शुगर क्रीक या ओढ्यावरील झुलत्या पुलावर पाऊल ठेवताच मन स्तब्ध होते. पलीकडच्या रॉकी हॉलो घळीत निराळी पायवाट नाहीच. ओहोळाचे पात्र हीच वाट, आणि तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचे थर दोहों बाजूंस शेवाळाने हिरवेगार होऊन उभे. त्या शीतल छायेत हेमलॉकचे वृक्ष हिमयुग ओसरल्यानंतरही तग धरून राहिले, हेच मला या स्थळाचे खरे वैभव वाटते.

हे अरण्य निष्ठेने जपणारा मालक जॉन लस्क १९१५ साली वारला. पुढच्याच वर्षी लिलावात ही जमीन एका लाकूड कंपनीच्या पदरात पडली, तेव्हा रिचर्ड लीबर प्रभृतींनी वर्गणी जमवून, अधिक मोल मोजून, ती सोडवून घेतली आणि सार्वजनिक उद्यान म्हणून सरकारदप्तरी दाखल करविली. जर्मनीत जन्मलेल्या लीबरची रक्षा आज याच वृक्षांच्या सावलीत विसावली आहे.