अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा उगम

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (संक्षेपाने ए.ए.) ही मद्यपाशातून, म्हणजे दारूच्या व्यसनातून, मुक्त होऊ इच्छिणाऱ्यांची परस्परसाहाय्य संघटना होय. अमेरिकेतील ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात १९३५ साली तिचा प्रारंभ झाला. ही संघटना कोणत्याही धर्माशी संलग्न नाही. तथापि तिचा उगम एका ख्रिस्ती चळवळीत आणि त्या चळवळीतून जुळलेल्या काही पुरुषांच्या मैत्रीत आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकन लूथरन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) यांनी १९२१ साली सुरू केलेली चळवळ पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या नावाने प्रसिद्ध झाली. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम ही चार मूल्ये तिने निरपवाद मानली होती. आपल्या दोषांची दुसऱ्या व्यक्तीजवळ कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांना भरपाई करणे आणि रोज शांत बसून ईश्वरी मार्गदर्शनाची प्रतीक्षा करणे, हे तिच्या आचाराचे मुख्य भाग होते. सभा बहुधा घरगुती स्वरूपाच्या असत. न्यूयॉर्कमधील कॅल्व्हरी चर्चचे धर्मगुरू सॅम्युएल शूमेकर हे या चळवळीचे अमेरिकेतील एक प्रमुख नेते होते.

थॅचर आणि विल्सन यांची भेट

उद्योजक रोलंड हॅझार्ड यांनी दारू सोडण्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांचे उपचार घेतले होते. पुढे ते ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये आले. १९३४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एबी थॅचर या मद्यपाशी गृहस्थाला आधार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॅचर आपला जुना मित्र बिल विल्सन याच्या ब्रुकलिन येथील घरी गेला. शेअर बाजारात काम केलेला विल्सन तोवर दारूपायी कफल्लक झाला होता. त्याने पुढे केलेला पेला थॅचरने नाकारला आणि आपण कसे सावरलो ते सांगितले. डिसेंबरमध्ये विल्सन न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात दाखल झाला. तेथे त्याला एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला. त्यानंतर त्याने दारूला पुन्हा कधीही स्पर्श केला नाही.

ॲक्रन, १९३५

पुढील काही महिने विल्सन इतर मद्यपींना उपदेश करीत राहिला. त्यांपैकी एकाचीही दारू सुटली नाही. मात्र या प्रयत्नात तो स्वतः दारूपासून दूर राहिला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला सल्ला दिला, की आधी धर्म सांगू नये, आजाराचे गांभीर्य सांगावे.

मे १९३५ मध्ये व्यवसायानिमित्त ॲक्रनला गेलेल्या विल्सनच्या पदरी अपयश आले. हॉटेलात एकटे असताना त्याला बारमध्ये जाण्याचा मोह झाला. आपल्याला दुसऱ्या एखाद्या मद्यपाश्याशी बोलण्याची गरज आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानी आले आणि त्याने एका धर्मगुरूला दूरध्वनी केला. ऑक्सफर्ड ग्रुपच्या हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यामार्फत १२ मे रोजी त्याची शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ (डॉ. बॉब) यांच्याशी भेट झाली. थोडाच वेळ थांबायचे असे ठरवून आलेले डॉ. बॉब कित्येक तास बसून राहिले, कारण समोरचा माणूस उपदेश न करता स्वतःची कहाणी सांगत होता. मध्यंतरी डॉ. बॉब एकदा घसरले. पण १० जून १९३५ रोजी त्यांनी घेतलेला घोट अखेरचा ठरला. हाच दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानला जातो.

चळवळीपासून फारकत

न्यूयॉर्कमधील सदस्य १९३७ साली आणि ॲक्रनमधील १९३९ साली ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळे झाले. १९३९ सालीच संघटनेच्या नावाचाच ग्रंथ प्रसिद्ध होऊन त्यात ‘बारा पायऱ्या’ मांडल्या गेल्या. दोषांची कबुली, भरपाई व प्रार्थना ही अंगे त्यांत कायम राहिली. मात्र ईश्वराची कल्पना ज्याने त्याने आपल्या समजुतीनुसार करावी, अशी मुभा देण्यात आली. निरीश्वरवादी व अन्यधर्मीयांसाठीही त्यामुळे दार उघडले. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. आरंभीचे बहुतेक सदस्य पुरुष होते. पुढे स्त्रियांचीही संख्या वाढली. आज महाराष्ट्रातही संघटनेच्या सभा मराठीतून भरतात.

मूल्यमापन

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यासांचा विचार करण्यात आला. ए.ए.मध्ये सहभागी होण्यास साहाय्य करणारे सुनियोजित उपचार दारूपासून पूर्ण अलिप्त राहण्याच्या बाबतीत अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक परिणामकारक असल्याचे त्यात आढळले. तथापि हा मार्ग सर्वांनाच लागू पडतो असे नाही. स्वतः थॅचर पुन्हा पुन्हा दारूकडे वळला. १९६६ साली त्याचे निधन झाले तेव्हा मात्र तो व्यसनमुक्त होता. विल्सनने त्याला अखेरपर्यंत आपला मार्गदर्शक मानले. व्यसन पुन्हा जडलेल्या मित्राला दूर न लोटण्याची ही वृत्ती ए.ए.च्या कार्यपद्धतीचे वैशिष्ट्य मानावे लागेल.