पुसलेला निरोप

समजा, कळंबच्या एका शेतकऱ्याला व्यापाऱ्याने कापसाचा भाव मोबाईलवर लिहून पाठवला. पुढे व्यापारी फिरला. इकडे शेतकऱ्याच्या हातून तो निरोप पुसला गेलेला. मग पुरावा बुडाला का?

लगेच बुडत नाही. आपल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत धड्याचं नाव खोडलं, तरी धडा आतल्या पानावर असतोच. मोबाईलचंही तसंच. पुसल्यावर निरोपाचा ठावठिकाणा जातो, पण अक्षरं काही काळ आत राहतात. त्याच जागी नवं लिहिलं गेलं, की जुनं कायमचं मिटतं.

म्हणून आम्ही सांगतो, अशा वेळी मोबाईल वापरू नका. दुकानात उघडायला देऊ नका. पोलीस ठाण्यात तक्रार द्या. पोलीस पंचनामा करून मोबाईल मोहोरबंद करतात व तपासणीला पाठवतात. अशी सरकारी प्रयोगशाळा नागपूरला आहे. तिथे आतल्या मजकुराची हुबेहूब नक्कल काढतात आणि नकलेवरच शोध घेतात. मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्षीच्या कायद्यात मोबाईलवरचा मजकूरही दस्तऐवज धरला आहे.

पण निरोप दर वेळी सापडतोच असं नाही. नव्या मोबाईलात अक्षरं कुलूपबंद असतात. पुसताना किल्ली गेली, की शोधणाऱ्याचेही हात टेकतात. तेव्हा व्यवहाराचा निरोप पुसूच नये. पावतीसारखा जपावा.